सतराचा पाढा आणि फुगलेला बैल

गावाचा पोळा ज्या दिवशी असतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा असतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल बिचारा ते आवतण मनावर घेतो. दुसऱ्या दिवशी त्याला घरची पुरणपोळी, शेजारची पुरणपोळी, ओवाळायला आलेल्या प्रत्येक लेकीसुनेच्या हातची पुरणपोळी. वर्षभर कडबा खाल्लेलं पोट ते, त्याला हा मान झेपत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उजाडलं की माझ्या दारात कुणीतरी उभं असतंच. "सुमनबाई, बैल रवंथ करून न्हाई राहिला." मी चुलीवर चहा ठेवतानाच ओवा कुटून ठेवलेला असतो. लग्न होऊन आले तेव्हापासून करीच्या दिवशी मी एकदाही माहेरी गेलेले नाही.

मी काही ढोरांची डॉक्टर नाही. सातवी शिकलेली, हट्ट्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहणारी, दोन एकर कोरडवाहूची मालकीण. पण आमच्या घराला झाडपाल्याचं औषध आहे, आणि ते माझ्या सासूबाईंकडून, आत्याबाईंकडून, माझ्याकडे आलं. त्यांना दोन लेकी होत्या. लेकींना एक पान दाखवलं नाही त्यांनी. लेक विद्या घेऊन परक्या गावाला जाते, सून येते ती इथंच राहते, असा त्यांचा हिशेब. नणंदांचा त्यावरून अजून माझ्यावर थोडा राग आहे, आणि तो बरोबरच आहे.

आमच्या आधीच्या पिढ्यांकडे गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. धम्म घेतल्यावर ते सोडलं. आत्याबाई म्हणायच्या, "मेलेलं वढायचं सोडलं, जितं वाचवायचं ठिवलं." त्याच वेळी घरातले देव नेऊन नदीत सोडले आणि औषधाबरोबर म्हणायचा पिढीजात मंत्रही सोडला. मंत्र कसा सोडतात, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नदीत उभं राहून एकदा मोठ्यानं म्हनला, अन् पुन्हा न्हाई म्हनला." मला तो मंत्र कधी कळला नाही. त्यातला एक शब्दसुद्धा नाही.

मंत्र गेला, पण एक रीत राहिली होती. औषधाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो, अशी सगळ्या पंचक्रोशीची खात्री. त्यामुळे पाला पदराखाली झाकून आणायचा, दार लोटून वाटायचा, आणि माणसाच्या हातात द्यायचा तो हिरवा गोळा. पोटफुगीचं औषध पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी डोळे ताणून बघत होते, की आता कुठली दुर्मिळ मुळी निघते. निघाला ओवा. मग सुंठ, हिंग, काळं मीठ आणि करडीचं तेल.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच हाय म्हून तर लपवायचं," आत्याबाई म्हणाल्या.

वाचणाऱ्याला वाटेल, मग यात विद्या कुठली? विद्या औषधात थोडी आणि ढोराकडे बघण्यात जास्त. ढोर आपलं दुखणं सांगत नाही. नाकाचा शेंडा ओला आहे की कोरडा, कान गार आहेत की तापलेत, रवंथ चालू आहे का, हे आधी बघायचं. मग शेण. आत्याबाई सांगायच्या, "ढोर बोलत न्हाई, पर शेन समदं बोलतं." मालकाचं मात्र अर्धंच ऐकायचं. मालक नेहमी म्हणतो, "कायबी खाल्लं न्हाई हो त्यानं." आणि मागं कुडाला टेकून ज्वारीचं रिकामं पोतं पडलेलं असतं.

जखमेत किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून भरायचा. किडे असे बाहेर पडतात, की बघणाऱ्याचं जेवण जावं. हगवणीला बेलफळाचा गर, नाहीतर डाळिंबाची साल. सुजलेल्या सांध्याला बिब्ब्याचा डाग. बिब्बा मात्र चेष्टेचा विषय नाही. आमच्या गावात एक गृहस्थ होते, गावच्या प्रत्येक कामात बिब्बा घालायची त्यांना सवय. एकदा माझं बघून म्हणाले, "यात काय एवढं, आना इकडं," आणि खरोखरचा बिब्बा हातात घेतला. तोच हात तोंडावरून फिरवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं त्यांना माझ्या दारात आणून उभं केलं. डोळे दिसत नव्हते, ओठ तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "बैल बरा हाय बाई. आता ह्या ढोराला बघा." ओलं खोबरं चोळायला सांगितलं. उतलेला बिब्बा ओसरला, पण आठवडाभर त्यांनी गावात कुणाच्या कामात लक्ष घातलं नाही, आणि गावाची कामं भराभर झाली.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. घटसर्प, फऱ्या, पिसाळलेलं ढोर, यांना मी हात लावत नाही. "सुईचं काम सुईनं" म्हणते आणि सरकारी दवाखान्यात धाडते. तिथले डॉक्टर साहेब भले होते. माझ्याकडून गेलेला माणूस दिसला की म्हणायचे, "सुमनबाईंनी पाठवलंय म्हणजे घाई आहे," आणि हातातलं काम टाकून निघायचे.

आता त्या करीची गोष्ट सांगते, जिच्यापासून माझ्या नावामागं मंत्र लागला.

तेव्हा जिल्हा वेगळा झाला नव्हता, आमचं गाव परभणी जिल्ह्यातच मोडायचं. आत्याबाईंचे गुडघे गेले होते, आणि बोलावणं आलं किसनभाऊंकडून. गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या गोठ्यात आम्हाला कायमच वाट मोकळी होती; घराच्या उंबऱ्याची गोष्ट निराळी होती. ढोरांना आमच्या हाताचं चालायचं, माणसांचं काय ते माणसांनी बघावं, असं म्हणून मी पुढं जायची. आत्याबाई म्हणाल्या, "आज तूच जाय. हात तुझा, डोकं माझं." मी औषध घेऊन एकटी निघाले. असं एकटं जायची माझी ती पहिलीच वेळ होती.

बैलाचं नाव हौशा. चार पाय फाकवून उभा होता, मान लांब केलेली, तोंडातून लाळ गळत होती. डावी कूस पाठीच्या कण्याच्या वर आली होती. बोटानं वाजवली तर डफ वाजवल्यासारखी वाजली. पोटात कोंडलेला वारा असा वर चढला की छातीला दम घेता येत नाही, आणि मग ढोर बघता बघता जातं. किसनभाऊंनी डॉक्टरांकडे माणूस पाठवला होता, पण डॉक्टर दुसऱ्या गावात अशाच एका पोळी खाल्लेल्या बैलामागं गेलेले. सगळ्या तालुक्यात सण एकाच दिवशी होता ना.

बांबूचं तिरपं कापलेलं नळकांडं मी भरलं. दोघांनी हौशाचं तोंड वर धरलं. एवढ्यात किसनभाऊंची आई, राधाकाकी, मधे आली आणि तिनं कासरा आपल्या हाताला गुंडाळून घेतला.

"आधी मंत्र म्हन," ती म्हणाली.

"काकी, मंत्र न्हाई आता आमच्यात. औषध हाय, लई चांगलं हाय."

"मंत्राबिगर ह्याला थेंब पाजायचा न्हाई."

"आये, बाजूला हो. बैल चालला," किसनभाऊ ओरडले.

काकी हलली नाही. ती रागानं बोलत नव्हती, विनवत होती. "ह्याची माय अशीच गेली," ती म्हणाली. "कोनी परगावचा आला, ना मंत्र, ना तंत्र, बाटली घातली तोंडात अन् ओतली. गाय खोकलली. दोन दिस नुसती खोकत राहिली अन् गेली. हे एवढंसं व्हतं तवा. म्या बोटानं दूध चाटवलं ह्याला, कपड्यानं पाजलं. माझं लेकरू हाय हे. मंत्र म्हन, न्हाईतर जाऊ दे त्याला, पर खोकू नको देऊ."

काल ओवाळायच्या ताटातल्या उरलेल्या पोळ्याही तिनंच गुपचूप चारल्या होत्या, ते मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं, की माझ्यासमोर बैल फुगतोय, म्हातारीचा कासरा सुटत नाही, आणि तिच्या हाताला हिसका द्यायची कुणाची हिंमत नाही.

मंत्र आणायचा कुठून? तो नदीत गेलेला. बुद्धवंदना मला पाठ होती, पण ती कुणाला बनवायला वापरायची नाही, एवढं मला आत पक्कं होतं. दुसरं पाठ असं माझ्याजवळ काय होतं? शाळेतले पाढे. आणि पाढ्यांमध्येही जो सगळ्यात घट्ट बसला होता तो सतराचा, कारण त्यावरून मी गुरुजींच्या छड्या सगळ्यात जास्त खाल्ल्या होत्या.

मी डोळे मिटले. ओठातल्या ओठात, कुणाला शब्द कळू नये असं म्हणाले, "सतरा एके सतरा." काकीचा हात सैल झाला. मी नळकांडं गालाच्या बाजूनं आत सरकवलं आणि एक घोट सोडला. "सतरा दुणे चौतीस." हौशानं गिळलं. मंत्र घाईनं म्हणत नाहीत, म्हणून मीही सावकाश म्हणत होते, आणि म्हणता म्हणता घोटही सावकाश पडत होता. "सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट." पंचे झालं, आणि सतरा सक आलं. तिथं मी शाळेतही अडायची. गुरुजींची छडी तिथंच पडायची. उत्तर आठवेना, आणि ओठ थांबवायची सोय नव्हती, काकी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "सतरा सक... घे रे बापा, घे," मी म्हणाले आणि हात थांबवला. हौशानं लांब श्वास घेतला, घसा हलला, तोंडातलं सगळं खाली उतरलं. मग साते एकोणीसासे, आठे, नवे, दाहे सत्तरासे. नळकांडं रिकामं. ठसका नाही की खोकला नाही.

मग लिंबाची काठी तोंडात आडवी बांधली, म्हणजे ते चघळत राहतं आणि वाऱ्याला वाट होते. पुढचे पाय ओट्यावर चढवले आणि गवताच्या पेंडीनं डावी कूस चोळत बसले. माझे हात भरून आले. किसनभाऊंनी पेंडी घेतली, ते चोळायला लागले. काकी हौशाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन उभी होती. आणि मग आली ढेकर. तिचा वास सांगण्यासारखा नाही, पण तेवढा गोड वास मी पुन्हा कधी घेतला नाही. एकामागं एक ढेकरा येत गेल्या, कूस बसत गेली. काकी सरळ खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली.

"मंत्र पावला गं माय," ती म्हणाली.

मला राहवेना. "काकी, खरं सांगते, मंत्र न्हवता त्यो. सतराचा पाढा म्हनला म्या."

तिनं पदर बाजूला केला आणि माझ्याकडे बघून हसली. "सांगायचा न्हाई तर नको सांगू बाई. तुमच्या घरची इद्या हाय. पर पाढा म्हून फसवतीस काहून?"

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या हसून हसून आडव्या झाल्या. मग डोळे पुसत उठून बसल्या. म्हणाल्या, "बराबर हाय तिचं. त्या जुन्या मंत्राचा अर्थ मला बी ठाव न्हवता. पर त्यो म्हनस्तोवर ढोराचा घोट उतरायचा. म्या मंत्र सोडला, पर दर घोटाला 'घे माय, घे माय' म्हनतच व्हते की."

तेव्हा मला कळलं की राधाकाकीची गाय कशानं गेली. मंत्र नसल्यानं नाही, आणि तरी मंत्र नसल्यानंच. घाईनं ओतलं ते घशाऐवजी छातीत गेलं होतं. काकीला छातीतलं काही माहीत नव्हतं, पण तिनं बघितलेलं चूक नव्हतं. माझ्या सगळ्या कामात ह्या एका गोष्टीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पाल्यानं शिकवलं नाही. त्या दिवसापासून मी पाढ्याशिवाय ढोराला पाजलं नाही, आणि लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून तो जरा मोठ्यानंच म्हणायची. 'सतरा सक'ला अडून 'घे रे बापा, घे' म्हणायचं तेही सोडलं नाही. मधे एक लांब दम लागतोच.

आत्याबाई गेल्यावर मात्र मी एक रीत मोडली. औषधाची नावं मोठ्यानं घ्यायला लागले. त्या असत्या तर मोडली असती का, सांगता येत नाही. पण मला लेकही नव्हती आणि सूनही तेव्हा आली नव्हती, दोन्ही पोरं पुण्याच्या कारखान्यांत. ही विद्या कुणाला द्यायची? मग म्हटलं, सगळ्यांनाच. बचत गट निघाले तेव्हा दर बैठकीला मी एक औषध सांगायची. म्हशीची कास दगडासारखी झाली तर कोरफड, हळद आणि चिमूटभर चुना एकत्र वाटून लावा. हळदीचा मुलूख आपला, हळद काय मागायला जायची आहे? बायका ऐकायच्या आणि हिरमुसायच्या. "ओवाच व्हय? हळदच व्हय?" एकजण तर म्हणाली, "सुमनबाई, तुमी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. आता गुन कसा येनार?" गुण आला. आणि माझ्या दारातली माणसं कमी होत गेली, कारण त्यांच्या घरीच औषध होऊ लागलं. याचं मला वाईट वाटलं म्हणाल तर थोडं वाटलं. दारात उभ्या माणसाची सवय लागते. पण जास्त वाईट याचं वाटतं, की बांध नांगरून नांगरून पाल्याला जागा उरली नाही, आणि ज्यांना पाजायचं ते बैलच गोठ्यातून निघून चाललेत.

एका उन्हाळ्यात मी भाचीच्या लग्नाला कनेरगाव नाक्याला गेले होते. तो भाग म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक, तिथून पुढं वाशीमची हद्द. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागून गलका ऐकू आला. उरलेला भात आणि बुंदी कुणीतरी उकिरड्यावर टाकली होती आणि शेजारच्या एका शेतकऱ्याचा बैल दावं तोडून त्यावर तुटून पडला होता. मी गेले तेव्हा डावी कूस वर आलेली, आणि मालक, चाळिशीचा गडी, हातात बांबूचं नळकांडं घेऊन उभा. ओव्याचा वास मला लांबूनच आला. माझे हात शिवशिवले. मी पुढं झाले.

"भाऊ, मान लई वर नका धरू..."

"बाई, जरा मागं सरा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "औषध चालू हाय. मधात बोलू नका."

मी मागं सरले. त्यानं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी कान दिला. सतरा एके सतरा. एक घोट. सतरा दुणे चौतीस. एक घोट. त्रिक, चोक, पंचे. गडी पार संथ चालला होता, जराही घाई नाही. मग सतरा सक आलं, त्याचा हात थांबला, आणि तो अगदी मायेनं म्हणाला, "घे रे बापा, घे." बैलानं लांब श्वास घेतला आणि घोट खाली उतरवला.

आत्याबाईंनी जे नदीत सोडलं होतं ते फिरून, माझ्याच तोंडून निघून, जिल्ह्याच्या ह्या टोकाला येऊन पोचलं होतं. हसावं की कपाळाला हात लावावा मला कळेना. बैलाला ढेकर आली, गर्दी पांगली, तेव्हा मी त्या भाऊंना विचारलं, "मंत्र कुठला हो?"

"हट्ट्याकडं एक बाई हाय, तिचा. माझ्या साडूनं आनला. लई गुनाचा हाय."

"मला तर पाढ्यावानी वाटला."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नाला आलेल्या अडाणी म्हातारीकडे बघतात. राग नव्हता, समजावणी होती.

"वाटतो तसा. पर न्हाई. पाढ्यात 'घे रे बापा' असतं काय?"

सतरा सक किती, हे तोवर मला चांगलं पाठ झालं होतं. सुट्टीला येणाऱ्या नातीचा अभ्यास घेता घेता झालं. उत्तर अगदी ओठावर आलं होतं माझ्या.

"न्हाई," मी म्हणाले. "पाढ्यात नसतं."